उतारावरचं गेट

शाहूनगरात सपाट जागा मागायची नसते. साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याची वस्ती ही, इथे रस्ता एकीकडे उतरतो आणि प्लॉट भलतीकडे चढतो. आमच्या घरासमोरची गल्ली उजवीकडून डावीकडे उतरत जाते आणि गेटपासून पोर्चपर्यंतची जागा आत चढत जाते. म्हणजे जिथे गेट उभं राहणार तिथेच जमीन दोन्ही अंगांनी तिरकी. ऑटोमॅटिक गेट बसवायचं ठरवल्यावर भेटलेला प्रत्येक माणूस मोटरबद्दल बोलत होता. आमचं डोकं, वेळ आणि पैसा मात्र गेला तो जमिनीत.

कारण साधंच होतं. मी बँकेत नोकरीला, नवरा सोमवार ते शुक्रवार पुण्यात, घरात गाडी चालवणारी मी एकटी. काम उरकून घरी यायला अंधार पडतो. मग हँडब्रेक ओढायचा, उतरायचं, दोन्ही झडपा उघडून त्यांना विटा लावायच्या, गाडी आत घ्यायची, परत खाली येऊन गेट लावायचं. पावसात हे करताना छत्री धरायला तिसरा हात लागतो. पूर्वी सासूबाई गेट उघडायला यायच्या, पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना उतारावर चालायची मनाई आहे. अण्णांचं, म्हणजे सासऱ्यांचं, म्हणणं पडलं की त्यापेक्षा एक माणूस ठेवला तरी स्वस्त पडेल. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेत. खर्चाला आधी नाही म्हणायचं आणि मग आपणच टेप घेऊन उठायचं, ही त्यांची जुनी रीत.

मोटरवाल्याशी पहिलं बोलणं फोनवरच झालं. "मॅडम, गेटचा फोटो टाका, रुंदी सांगा, अर्ध्या तासात कोटेशन देतो." दिलंही. दोन झडपांना ढकलणारे दोन आर्म, एक कंट्रोल बोर्ड, दोन रिमोट. पण फोटोत उतार दिसत नाही. आमची गेटची जागा 12 फूट, म्हणजे एकेक झडप 6 फुटांची. जमीन आत दर 8 फुटांना एक फूट चढते. झडप आत उघडली की तिचं टोक 6 फूट आत जाणार आणि तिथली जमीन 9 इंच वर आलेली असणार. मग गेटखाली 9 इंच फट ठेवायची का? तेवढ्यातून गल्लीतली सगळी कुत्री पानसुपारीला आत येतील. जुनं गेट म्हणूनच बाहेर, रस्त्याच्या अंगाला उघडायचं. हातानं उघडताना माणूस मागंपुढं बघतो. मोटर काय बघणार? आणि आमच्या गल्लीत शाळा सुटली की पोरं सायकली सोडतात त्या थेट खालच्या चौकापर्यंत.

म्हणून सरकतं गेट. त्याला एकच अट, पण कडक. खालचा रूळ पाणसळीत, म्हणजे अगदी सपाट हवा. सरकत्या गेटच्या मोटरमध्ये वर्म गिअर, म्हणजे मळसूत्रासारखा दातेरी जोड, असतो, त्यामुळे मोटर जोडलेली असेपर्यंत गेट हातानं रेटून हलत नाही. पण वीज गेली, बॅटरी उतरली, की किल्लीनं क्लच सोडावा लागतो आणि त्या क्षणी दोनशे-अडीचशे किलोचं धूड मोकळं होतं. रूळ तिरका असेल तर ते स्वतःच्या मर्जीनं उताराकडे निघणार. मध्ये कोण उभं आहे हे त्याला कळत नाही. दुसऱ्या एका मोटरवाल्यानं "थोडा उतार चालतो मॅडम, मोटर ओढून नेते" असं सांगितलं, तेव्हाच त्याचं नाव मी यादीतून काढलं.

अण्णांनी माळ्यावरून लेव्हल पाईप काढली. मी म्हटलं, मोबाइलमध्ये लेव्हलचं ॲप असतं. "असू दे," म्हणाले, "हे टोक धर." गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी, आत पाणी भरलेलं. मध्ये कुठे बुडबुडा राहिला की माप चुकतं, म्हणून त्यांनी टिचक्या मारत मारत नळी पार शेवटपर्यंत तपासली. वरच्या अंगाच्या खांबावर पेन्सिलीनं रेघ मारली, नळीतलं पाणी रेघेवर आणलं आणि खालच्या खांबावर पाणी डोलायचं थांबल्यावर मला खूण करायला सांगितली. मग दोन्ही खुणांपासून रस्त्यापर्यंत टेप. 12 फुटांत रस्ता 7 इंच उतरला होता. डोळ्याला तो तीन-चार इंचच वाटत होता. उतारावर राहणाऱ्यांच्या डोळ्यांना उताराची सवय होते, असं अण्णा म्हणतात ते खरं असावं.

आता रूळ सपाट ठेवायचा म्हणजे वरच्या टोकाला तो रस्त्याबरोबर आणि खालच्या टोकाला रस्त्याच्या 7 इंच वर येणार. तेवढा चढ गाडीला द्यायला बाहेर रॅम्प लागतो. आमच्या गल्लीत लोकांनी तो सरळ गटारावर काढलेला आहे. 2020 च्या हद्दवाढीत शाहूनगर नगरपालिकेत आलं, आज ना उद्या गटारं नीट होतील आणि तेव्हा हे सगळे रॅम्प फुटतील, हे अण्णांचं भाकीत. बरं, नगरपालिका सोडा, दुसऱ्याचं पाणी अडवून आपला रॅम्प कशाला? म्हणून गेटची ओळच कंपाउंडच्या भिंतीपासून 5 फूट आत घ्यायची ठरली. रॅम्प आपल्याच जागेत बसला. रूळ वरच्या टोकाला रस्त्याच्या 2 इंच वर ठेवला, म्हणजे रस्त्याचं पाणी आत वळणार नाही, आणि खालच्या टोकाला तो 9 इंच वर आला. 5 फुटांत 9 इंच हा चढ गाडीला सोसतो, नवऱ्याची सेडानसुद्धा खाली घासली नाही. गेट आत घेतल्याचा आणखी एक फायदा असा की ते उघडेपर्यंत गाडीचं तोंड तरी रस्त्यावरून बाजूला होतं. पूर्ण गाडी उभी राहायला 16-17 फूट सोडावे लागतात. ते ज्यांना जमतं त्यांनी जरूर सोडावेत, आमच्या प्लॉटला ते झेपणारं नव्हतं.

गेट सरकवायचं कुठल्या बाजूला, यावरही घरात दोन पक्ष पडले. वरच्या बाजूला भिंतीलगत मोकळी जागा होती. खालच्या बाजूला नेमकं पाण्याच्या मीटरचं चेंबर मध्ये येत होतं. नवरा फोनवरून म्हणाला, वर घ्या, चेंबर कशाला हलवता. पण वरच्या बाजूला जमीन चढती. सपाट रूळ तिकडे न्यायचा तर टोकाला तो फूटभर खोल चरात जाणार. आषाढात डोंगराकडून येणारं पाणी, मुरूम, पालापाचोळा सगळं त्या चरात येऊन बसणार आणि ते उपसणार मी. खालच्या बाजूला उलट. तिथे रूळ जमिनीच्या आठ-नऊ इंच वर, बीमवर निघतो, त्यामुळे घाण साचायला जागाच नाही. चेंबर हलवलं. प्लंबरचं एका दिवसाचं काम आणि थोडं पाईप-फिटिंग.

छोटं गेट अण्णांनी आधीच राखून ठेवलं होतं. दूधवाला, पेपरवाला, कामवाल्या मावशी यांच्यासाठी 12 फुटांचं गेट हलवायचं नाही. फॅब्रिकेशनवाले काका म्हणाले, मोठ्या गेटातच दिंडी काढून देतो, वाड्याला असते तशी. दिसायला झकास दिसतं, कबूल. पण दिंडीतून कुणी पाय आत टाकत असताना दुसऱ्यानं रिमोट दाबला तर? त्यासाठी दिंडीला वेगळा स्विच लावता येतो, दार उघडं असेपर्यंत मोटर चालत नाही. पण हलत्या गेटातून तेवढी वायर खेळवत न्या, ती तुटली की शोधा. त्यापेक्षा भिंतीत वेगळं अडीच फुटांचं गेट बरं.

आता काकांच्या दराबद्दल. लोखंडी काम आपल्याकडे किलोवर घेतात. मजुरी, वेल्डिंग, रेड ऑक्साइड धरून किलोला अमुक. त्यामुळे गेट जितकं जड तितकं बिल मोठं, हे त्या हिशेबातच आहे. यात फसवणूक नाही, पण गिऱ्हाइकानं भान ठेवावं. काकांनी मोबाइलवर डिझाइन दाखवलं. 5 मिलिमीटरच्या प्लेटवर लेझरनं कापलेली वेलबुट्टी, मध्ये मोर. मी तिथल्या तिथे कॅल्क्युलेटर काढला. एक चौरस मीटर लोखंडाची एक मिलिमीटर जाडी म्हणजे 7.85 किलो. आमचं गेट साधारण 6 चौरस मीटरचं. 5 मिलिमीटरची प्लेट लावली तर नुसतं आवरणच दोनशे किलोच्या वर, कापून निघालेली नक्षी वजा केली तरी फार कमी होत नाही. त्यात चौकट, आडव्या पट्ट्या, चाकं. तेच 16 गेजचा पत्रा, म्हणजे 1.6 मिलिमीटर, लावला तर 75 किलो. काका म्हणाले, "वहिनी, जड गेट म्हणजे दणकट गेट." हाताच्या गेटला हे एक वेळ चालून जातं. मोटरच्या गेटात वजन म्हणजे चाकांवर झीज, रुळावर झीज आणि कुणी मध्ये आलं तर थांबायला जास्त वेळ.

पत्रा अखंडही लावला नाही. सातारकरांना वाऱ्याबद्दल वेगळं सांगायला नको, चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाहीत. ताशी 70 किलोमीटरचा वारा 6 चौरस मीटरच्या बंद गेटवर आडवा आला तर दीडशे किलोच्या घरात रेटा देतो. तो सगळा गेट उभं धरणाऱ्या वरच्या गाइड रोलरवर आणि खांबावर येतो. म्हणून खालचा दोन फुटांचा भाग पत्र्यानं बंद, कुत्र्यांसाठी, आणि वर उभ्या चौकोनी पट्ट्या, बोटभर फटी ठेवून. सासूबाईंना मोर हवा होता. तो छोट्या गेटावर बसवला, सगळे खूश. गेट भरलं 210 किलो.

कामाचा क्रम मात्र कुणी सांगत नाही. फॅब्रिकेशनवाले म्हणतात आधी गवंडी बोलवा, गवंडी म्हणतो मोटरवाल्याला विचारा पाया केवढा, मोटरवाला म्हणतो गेट उभं झालं की फोन करा. तिघांना एका सकाळी जागेवर एकत्र आणणं हेच माझ्या मते या कामातलं खरं नियोजन. चहा दोनदा झाला, पण तासाभरात ठरलं. आधी खोदाई आणि जमिनीखालच्या पाईप, मग बीम आणि त्यात रूळ, मग खांब, मग गेट, आणि मोटर सगळ्यात शेवटी.

पाईपचं मी धरून बसले. काँक्रीट एकदा पडलं की खालून वायर नेता येत नाही. विजेची एक पाईप, सेन्सरच्या वायरींची वेगळी, कारण 230 व्होल्टची आणि सेन्सरची वायर एका पाईपमध्ये शेजारी शेजारी नेऊ नये. गेटच्या पलीकडच्या खांबापर्यंत आडवी एक, समोरच्या सेन्सरसाठी. आणि एक पाईप रिकामी, आत तार ओवून ठेवलेली. वायरमन म्हणाला, "ही कशाला ताई?" मी म्हटलं, माहीत नाही, म्हणूनच.

गवंडीमामा वाई तालुक्यातले, बोलतात कमी. खाली कडक मुरूम लागला म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला, पाया खोल न्यायची गरज उरली नाही. सळईचा पिंजरा, त्यावर बीम, बीमच्या माथ्यावर उलटा अँगल. गेटची चाकं खोबणीची असतात, ती या अँगलच्या धारेवर चालतात. अँगल बसवताना मामांनी दर दीड फुटाला लेव्हल बघितली, आणि त्यांच्या पाठोपाठ अण्णांनी. दोघांचं एकमेकांवर बारीक लक्ष होतं. काँक्रीट ओतताना अँगल कडेनं ठोकला गेला तर पुन्हा उचलायचा, त्यात कंटाळा चालत नाही. मोटरच्या पायाचे बोल्ट त्याच वेळी बीममध्ये सोडले. मोटर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच राहील असा ओटा केला.

खरी अक्कल मामांनी लढवली ती पाण्याची. पोर्चकडून येणारं सगळं पाणी उतारानं रुळावरूनच बाहेर जाणार होतं, आणि पाण्याबरोबर मुरमाची कच. ती अँगलच्या कडेला बसली की चाक तिच्यावर चढतं. "ताई, रूळ धुवत बसू नका. पाणीच रुळापाशी येऊ देऊ नका." रुळाच्या आतल्या बाजूला, हातभर अंतरावर, पूर्ण रुंदीची आडवी नाली काढली. सहा इंच रुंद, खालच्या अंगाला ढाळ दिलेली, वर जाड सळईची जाळी. जाळी तीन तुकड्यांत, कारण एकसंध केली तर साफ करताना ती मला एकटीला उचलणार नाही. आतला चढही थोडा खरवडून नालीपाशी सपाट केला. ही नाली कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हती.

बीमला बारदानं टाकून रोज पाणी मारलं. अण्णांनी पूर्ण पिकल्याशिवाय गेट चढवू दिलं नाही. मोटरवाला तिकडे घाई करत होता, वळिवाच्या आधी उरकू म्हणून.

मोटरची निवड तशी सोपी झाली. या धंद्यात इटलीची नावं जुनी आहेत, फाक, नाईस, बीएफटी, कामे. त्याशिवाय चिनी बनावटीचे संच निरनिराळ्या नावांनी मिळतात आणि किमती निम्म्यावर येतात. मी दोन गोष्टी बघितल्या. मोटर 24 व्होल्ट डीसीची हवी, कारण तिला बॅटरी जोडता येते. 12 व्होल्ट, 7 एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या दोन बॅटऱ्या, छोट्या यूपीएसमध्ये असतात त्याच जातीच्या, साताऱ्यात कुठेही मिळतात. वादळी पावसात वीज जाणार आणि मी नेमकी तेव्हाच दारात येणार, हे ठरलेलं. दुसरी गोष्ट रिमोटचा कोड. साध्या फिक्स कोडच्या रिमोटची नक्कल रिमोट दुरुस्त करणारा कुणीही काढून देतो. रोलिंग कोडमध्ये दर दाबणीला कोड बदलतो, एकदा पकडलेला पुन्हा चालत नाही. क्षमता 600 किलोची घेतली. आमचं गेट 210 चं, पण मोटर निम्म्या भारावर चाललेली बरी.

बसवणीच्या दिवशी मात्र वाजलं. रॅक म्हणजे गेटच्या खालच्या अंगाला बसवायची दातेरी पट्टी, एक-एक मीटरचे तुकडे. मोटरचं दातेरी चाक तिला पुढं-मागं सरकवतं. दोन पोरं आली, रॅक ठोकली, मोटर चालू केली. गेट निघालं, मध्येच कुरकुरलं, थांबलं आणि उलटं फिरलं. पोरानं बोर्डाचं झाकण उघडलं आणि छोट्या स्क्रू ड्रायव्हरनं फोर्स वाढवला. गेट कुरकुरत का होईना, पार गेलं. "झालं मॅडम."

झालं कसलं? फोर्स म्हणजे वाटेत काही आलं तर मोटरनं किती रेटून बघायचं आणि कधी हार मानून उलटं फिरायचं, ती मर्यादा. ती वाढवली की अडथळा आणि कुरकूर यातला फरक मोटरला कळेनासा होतो. वाटेत दगड असो नाहीतर पोर असो, ती रेटणार. युरोपच्या नियमात गेटच्या कडेचा दाब 400 न्यूटनच्या वर जाऊ देत नाहीत, म्हणजे सुमारे 40 किलोचा. मी म्हटलं, फोर्स परत खाली घे आणि क्लच सोड. बॅगांचं वजन करायचा हुकाचा काटा घरात होता, तो गेटला अडकवून ओढला. बहुतेक ठिकाणी सहा-सात किलोत गेट चालत होतं आणि एका जागी काटा 18 वर गेला. तिथेच कुरकूर होती. पोरं रुळाकडे बघायला लागली. अण्णा तिथेच खुर्ची टाकून बसले होते, म्हणाले, "रूळ माझा आहे. तुमची पट्टी बघा."

मोटरवाला स्वतः आला तेव्हा कळलं. दोन रॅकच्या सांध्यात दात जुळले नव्हते, आणि त्याच टोकाला रॅक थोडी खाली आल्यानं गेटचं वजन मोटरच्या चाकावर बसत होतं. ते कधीच बसता कामा नये. वजन रुळावर, मोटरनं फक्त ढकलायचं. त्यासाठी दोन्हींत मिलिमीटर-दीड मिलिमीटर मोकळीक ठेवतात. सांधा जुळवायची त्याची युक्ती मला फार आवडली. रॅकचा एक जादा तुकडा उलटा धरून त्यानं सांध्याच्या खालून दोन्ही तुकड्यांच्या दातांत बसवला, शिकंजानं आवळला, आणि मग स्क्रू घट्ट केले. वरच्या दोन तुकड्यांना सरळ होण्यावाचून गत्यंतरच उरलं नाही. पुन्हा काटा लावला, गेट शेवटपर्यंत सातच्या आत. मग फोर्स अगदी कमी ठेवून चाललं. दुधाचा प्लॅस्टिक क्रेट मध्ये ठेवून बघितला. गेट त्याला टेकलं, क्रेट जेमतेम सरकला आणि गेट मागं फिरलं. सासूबाईंनी हे दोनदा करून दाखवायला लावलं.

स्टॉपरचंही तसंच. कुठे थांबायचं हे मोटरला लिमिट स्विच सांगतो, पण तो बिघडला तर गेट रूळ सोडून पुढं जाऊ शकतं, आणि सरकतं गेट आडवं पडण्याचे अपघात असेच होतात. दोन्ही टोकांना जाड पट्टीचे स्टॉपर बीमला जोडून घेतले. मोटर काढून टाकली तरी गेट त्यांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. काकांनी उघडण्याच्या टोकाला लावला होता, बंद होण्याच्या टोकाला "खांब आहे की" म्हणून सोडला होता. खांब थांबवण्यासाठी नसतो. लावून घेतला.

सेन्सरची गंमत हिवाळ्यात कळली. गेटच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन डोळे असतात, एक अदृश्य किरण सोडतो, दुसरा तो झेलतो. किरण तुटला की गेट बंद होत नाही. जानेवारीत सकाळी आठच्या सुमाराला गेट उघडायचं, पण लागायचंच नाही. थोड्या वेळानं आपोआप बरं. झेलणाऱ्या डोळ्याचं तोंड उगवतीकडे होतं आणि कोवळं ऊन थेट त्यात शिरत होतं. मोटरवाल्यानं दोन्हींच्या जागा अदलाबदल केल्या. पावसाळ्यात त्यावर कोळी जाळं विणतो, ते रुमालानं पुसलं की झालं.

रिमोट सुरुवातीला गाडी गेटाला टेकल्याशिवाय चालत नव्हता. शेजाऱ्यांनी किल्ल्यावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्यावर खापर फोडलं. बिचारा मनोरा! बोर्डाच्या अँटेनाची वायर लोखंडी पेटीत गुंडाळून ठेवली होती, ती बाहेर काढल्यावर रिमोट गल्लीच्या कोपऱ्यावरून चालायला लागला. मेन बोर्डातून वेगळा एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच), नीट अर्थिंग आणि वळिवातल्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर हे वायरमनकडून आधीच करून घेतलं होतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या अंगाला विजा फार कडकडतात, आणि बोर्ड जळला की तो मोटरच्या निम्म्या किमतीला पडतो. मुंग्यांचा बंदोबस्त मात्र नंतर करावा लागला. बोर्ड उबदार असतो, मुंग्यांना तिथे अंडी घालायला आवडतं. वायरींची भोकं सिलिकॉननं बुजवली, आणि सासूबाईंनी पेटीभोवती लक्ष्मणरेषेच्या खडूची रेघ ओढली ती वेगळी.

आपोआप बंद होण्याची सोय मी दिवसा बंद ठेवते. सासूबाई काठी घेऊन हळूहळू जातात, त्यांच्या मागं गेटची घाई नको. रिमोटच्या दुसऱ्या बटणावर गेट फक्त 4 फूट उघडतं, स्कूटरला तेवढं पुरतं.

हिशेब विचारतात म्हणून सांगते. मोटर, बॅटऱ्या, सेन्सर आणि बसवणी मिळून 52 हजार. दोन्ही गेटं आणि रंग 48 हजार. वीजकाम 15 हजार. आणि बीम, नाली, आत घेतलेल्या बाजूच्या भिंती, रॅम्प, चेंबर यांचे 96 हजार. मोटरवाल्याच्या पहिल्या कोटेशनवर विसंबून कर्ज काढलं असतं तर निम्म्यातच काम अडलं असतं.

एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, घेतलेली नाही. मृगाच्या आधी आणि दिवाळीला नालीची जाळी उचलून कच काढायची, चाकांच्या बेअरिंगला ग्रीस द्यायचं, काटा लावून ओढून बघायचं. रॅकला ग्रीस लावायचं नाही, धूळ चिकटून त्याची पॉलिश पेपरसारखी घासण होते. बॅटऱ्या तीनेक वर्षांनी बदलाव्या लागतील. क्लचची किल्ली छोट्या गेटाच्या आत खुंटीला असते आणि ती फिरवायला सासूबाईंनासुद्धा शिकवून ठेवलंय.

सध्या एकच अडचण आहे. गेट आत गेल्यामुळे बेल रस्त्यावरच्या जुन्या खांबावर राहिली, आणि कुरिअरवाले नव्या गेटापाशी उभे राहून हाका मारतात. अण्णांना ऐकू कमी येतं. व्हिडिओ बेलचे दर मागवलेत. वायर त्या रिकाम्या पाईपमधूनच जाणार आहे. वायरमनला फोन केला तर म्हणाला, "आत तार आहे ना अजून?"